हिवाळ्यातली वाट ‘सोपी’ कशी?

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

विषय : हिमालयातील हिवाळी ट्रेकच्या जाहिरातींमधील ‘सोपा’ हा शब्द

महोदय,

दिवाळी आटोपली आणि रानात तुरी शेंगांवर आल्या की आमच्या अंबाजोगाईसारख्या गावातही मोबाइलच्या पडद्यावर बर्फ पडू लागतो. गुडघाभर बर्फात हात पसरून उभी राहिलेली मुले-मुली, मागे स्वच्छ निळे आकाश आणि खाली ठळक अक्षरांत ‘सोपा ट्रेक, नवख्यांसाठी उत्तम, पूर्वानुभवाची गरज नाही’ असा मजकूर. लातूर, बीड, परभणी, नांदेड, छत्रपती संभाजीनगर या सगळ्या शहरांतून आता असे गट डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात उत्तराखंडाकडे निघतात. त्यांनी जाऊ नये, असे मी मुळीच म्हणणार नाही, कारण गेल्या डिसेंबरात मी स्वतः अशाच एका गटाबरोबर केदारकांठ्याला जाऊन आलो आहे. माझी तक्रार त्या जाहिरातींतल्या एकाच शब्दाविषयी आहे आणि तो शब्द म्हणजे ‘सोपा’.

मी शाळेत एकतीस वर्षे भूगोल शिकवला. हिमालय फळ्यावर शेकडो वेळा काढला, पण प्रत्यक्ष पाहिला तो निवृत्तीनंतर. केदारकांठा हे उत्तरकाशी जिल्ह्यातले सुमारे ३,८१० मीटर, म्हणजे साडेबारा हजार फूट उंचीचे शिखर आहे. देहरादूनहून पुरोला, मोरी, नैटवाड असा दिवसभराचा घाटरस्ता कापून सांकरी या गावी पोहोचायचे आणि तेथून देवदार-ओकांच्या जंगलातून दोन मुक्काम करीत वर जायचे. शिखरावरून स्वर्गारोहिणी आणि बंदरपूंछ दिसतात. उघड्या डोळ्यांनी ती शिखरे पाहताना फळ्यावर खडूने काढलेल्या रेघांची मला थोडी लाज वाटली, हेही येथे नोंदवतो.

ही वाट सोपी म्हणून का ओळखली जाते, याचा मी तेथे गेल्यावर विचार केला. मे महिन्यात किंवा पावसाळा ओसरल्यावर ती खरोखरच सोपी असते. वाटेत दोर लावून चढण्याजोगा एकही कडा नाही, पायवाट मळलेली आहे, वर गवताळ कुरणे आहेत. परंतु हे वर्णन त्या ऋतूंचे आहे आणि डिसेंबरच्या जाहिरातीत ते जसेच्या तसे उचलले जाते. ऋतू बदलला की वाटही बदलते, हे मराठवाड्यातल्या माणसाला खरे तर सांगावे लागू नये. काळ्या रानातली जी पायवाट उन्हाळ्यात पाच मिनिटांत संपते, तिच्यावरून आषाढात एक पाऊस पडून गेल्यावर चालून पाहावे. दहा पावलांत चपलेला शेर-शेर चिखल चिकटतो आणि शेवटी चपला हातात घेऊन चालावे लागते. बर्फाचे असेच आहे, फक्त तो दिवसातून तीनदा रूप बदलतो. पहाटे तो वीटभट्टीतल्या विटेसारखा कडक असतो, दुपारी ऊन लागल्यावर भुसभुशीत होऊन पाय मांडीपर्यंत रुततो आणि शेकडो बुटांनी तुडवलेल्या जागी रात्रीतून त्याची काच होते. या काचेवर साध्या ट्रेकिंग बुटांचा तळवा टिकत नाही. बुटांवर लोखंडी दाते असलेले मायक्रोस्पाइक्स चढवावे लागतात, बर्फ बुटात शिरू नये म्हणून पोटऱ्यांना गेटर बांधावे लागतात आणि हे दोन्ही अंधारात, हातमोजे काढून, सुन्न पडलेल्या बोटांनी करावे लागते. आमच्या गटातील सोळापैकी अकरा जणांनी मायक्रोस्पाइक्स पहिल्यांदा हातात घेतले ते शिखराकडे निघण्याच्या पहाटे, पावणेतीन वाजता.

थंडीविषयीही आपल्या मनात एक गोड गैरसमज आहे. आपल्याकडे परभणीच्या कृषी विद्यापीठात पारा पाच अंशांच्या खाली गेला की दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर शेकोटीचे छायाचित्र येते आणि आपल्याला वाटते की कडाका म्हणजे काय ते आपल्याला कळले. परभणीची थंडी कोरडी असते, बहुधा वाराही पडलेला असतो आणि सकाळी आठ वाजता ऊन अंगावर आले की ती संपते. शिवाय जवळ घर असते. उंचीच्या थंडीचे गणित मी मुलांना दरवर्षी शिकवत असे, ते असे की हवेचे तापमान सरासरी दर हजार मीटरला साडेसहा अंशांनी उतरते. अंबाजोगाईपासून केदारकांठ्याच्या माथ्यापर्यंतचा फरक तीन हजार मीटरांहून अधिक आहे, तेव्हा केवळ उंचीपोटी सुमारे वीस अंश वजा करावे लागतात. अक्षांशाचा फरक त्यात वेगळा मिळवायचा, धारेवरच्या वाऱ्याचा आणखी वेगळा. डिसेंबरअखेरचा तिकडचा दिवसही आपल्या दिवसापेक्षा पाऊण तासाने लहान असतो. डोंगराच्या सावलीत तंबू असेल तर ऊन दुपारी तीन-साडेतीनलाच जाते आणि मग माणूस तंबूत शिरतो तो बारा तासांसाठी.

बर्फ आणणारे जे पश्चिमी विक्षोभ, म्हणजे वादळी हवेचे पट्टे, भूमध्य समुद्राकडून येतात, त्यांच्याशी आपलीही ओळख आहे. त्यांचा प्रभाव खाली सरकून बंगालच्या उपसागरावरच्या बाष्पाशी गाठ पडली की आपल्याकडे अवकाळी पाऊस आणि गारपीट होते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट मराठवाड्यातला कोणताही शेतकरी विसरलेला नाही. काढणीला आलेला गहू आणि हरभरा अर्ध्या तासात मातीत गेला होता. आकाश किती वेळात फिरते, हे त्या वर्षी ज्यांनी पाहिले, त्यांनी हिमालयात जाताना हवामान खात्याचा अंदाज न पाहता निघावे, याचे मला नवल वाटते. विक्षोभ येणार हे दोन-तीन दिवस आधी सांगता येते. आमच्या आयोजकाने तो अंदाज एकदाही आम्हाला वाचून दाखवला नाही. मला तो मोबाइलवर पाहता आला असता, पण सांकरीच्या पुढे रेंज नव्हती.

आता घडलेली गोष्ट सांगतो, कारण हे पत्र तिच्यामुळेच लिहितो आहे.

आमच्या गटात चोवीस-पंचवीस वर्षांचा एक मुलगा होता. व्यायामशाळेत जाणारा, छाती भरलेली, चढावर सर्वांच्या पुढे. आदल्या संध्याकाळी त्याने आपले सुती बनियन तंबूच्या दोरीवर वाळत घातले होते आणि तासाभरात ते पापडासारखे कडक झाले होते. त्यावर सगळे हसले, मीही हसलो. त्याच वेळी मी त्याला विचारायला हवे होते की उद्या अंगात काय घालणार आहेस. कपड्यांच्या यादीत आयोजकाने ‘उबदार कपडे’ एवढेच लिहिले होते, त्यामुळे त्याने अंगालगत दुसरे सुती बनियन, त्यावर सुती स्वेटशर्ट आणि वर एक महागडे जाड जॅकेट असा बंदोबस्त केला. पहाटे तीन वाजता हेडटॉर्चच्या उजेडात आम्ही निघालो. जॅकेट अंगात ठेवूनच तो झपाझप चढत गेला आणि आतून घामाने निथळला.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात त्या वाटेवर जत्रा असते. शेवटच्या चढावर माणसामागे माणूस अशी रांग लागते आणि पुढे एखादा घसरला की सगळी रांग थांबते. आमची रांग धारेवर, वाऱ्याच्या तोंडाशी, पाऊण तास थांबली. चालताना अंगात जी ऊब होती ती गेली, घामाने भिजलेले कापड मात्र अंगाला तसेच राहिले. सुरुवातीला तो कुडकुडत होता, दात वाजत होते. मी त्याला शेंगदाण्याच्या चिक्कीचा तुकडा दिला. त्याने तो हातमोज्यात धरला आणि नुसता पाहत राहिला. खायचा असतो हे जणू त्याच्या ध्यानातच येत नव्हते. जॅकेटची चेन त्याला लावता येईना. मी विचारले, “थंडी वाजते का रे?” तो म्हणाला, “नाही सर, आता नाही वाजत,” आणि हे बोलताना त्याची जीभ जड झाली होती. हुडहुडी थांबली होती. मला हायसे वाटले. एकतीस वर्षे विज्ञानाच्या जवळचा विषय शिकवलेल्या माणसाला त्या क्षणी हायसे वाटावे, याइतका अडाणीपणा दुसरा नाही.

आमच्याबरोबरचा वाटाड्या सांकरीकडचाच, जेमतेम बावीस वर्षांचा. तो मागून आला, त्याने मुलाच्या जॅकेटात हात घातला, बनियन चाचपले आणि काही न बोलता त्याची सॅक स्वतःच्या खांद्यावर घेतली. एका खडकाच्या आडोशाला नेऊन त्याने त्याचे वरचे तिन्ही कपडे उतरवले, माझ्या सॅकमधला लोकरीचा स्वेटर त्याच्या उघड्या अंगावर चढवला, डोक्याला मफलर गुंडाळला, दोन जॅकेटे वर घातली आणि थर्मासमधले साखरेचे गरम पाणी घोटाघोटाने पाजले. पंधरा-वीस मिनिटांनी त्याला पुन्हा हुडहुडी भरली, तेव्हा कुठे वाटाड्याच्या चेहऱ्यावरचा ताण सैल झाला. मग त्याने खाली उतरायला सुरुवात केली. शिखर तेथून दीड-दोनशे फूट वर होते. तांबडे फुटले होते आणि वरच्या लोकांचे ओरडणे ऐकू येत होते.

शरीराच्या आतले तापमान पस्तीस अंश सेल्सिअसच्या खाली गेले की त्याला डॉक्टर हायपोथर्मिया म्हणतात. आधी हीव भरते, मग बोटे ऐकेनाशी होतात, बोलणे अडखळते, पाय लटपटतात, माणूस चिडचिडा किंवा गप्प होतो, आणि शरीराजवळची शिल्लक संपत आली की कुडकुडणेच थांबते. म्हणजे जे बरे झाल्याचे लक्षण वाटते तेच सर्वांत वाईट असते. त्याच्याही पुढचा टप्पा गाठला असता तर काय झाले असते, हे त्या मुलाच्या आईला सांगण्याची वेळ माझ्यावर आली नाही, याचे श्रेय बावीस वर्षांच्या त्या पोराचे आहे. अशा माणसाला दारू पाजू नये, हातपाय जोराने चोळू नयेत, ओले काढून कोरडे घालावे आणि वाऱ्यातून हलवावे, इतके चार शब्द जरी निघण्यापूर्वी कोणी आम्हाला सांगितले असते तरी पुरे होते.

सुती कपड्याचा घोळ तर मला अधिकच लागला, कारण त्याचे उत्तर आपल्या घरात आहे. कापूस पाणी पितो आणि धरून ठेवतो, ओला झाला की त्याची ऊब जाते. लोकर ओली झाली तरी बरीचशी ऊब राखते. ही गोष्ट बालाघाटावरच्या धनगराला कोणत्याही दुकानदाराने शिकवलेली नाही. भर पावसात घोंगडीची खोळ डोक्यावर घेऊन तो मेंढरांमागे दिवसभर उभा राहतो, घोंगडी भिजून जड होते, पण आतला माणूस काकडत नाही. आमच्या लहानपणी प्रत्येक घरात अशी एक घोंगडी असे आणि तिच्या बोचण्याबद्दल आम्ही कुरकुर करीत असू. आमच्या गटात सर्वांत निर्धास्त चालली ती लातूरची एक पन्नाशीची शिक्षिका. तिने अंगालगत घाम बाहेर टाकणारे कृत्रिम धाग्याचे पातळ कापड, त्यावर आईच्या हातचा जुना लोकरी स्वेटर आणि वर फक्त वारा अडवणारे पातळ जॅकेट घातले होते. चढ लागला की ती एक थर काढून कमरेला बांधायची, थांबली की लगेच अंगात घालायची. तिचे सगळे कपडे मिळून त्या मुलाच्या एका जॅकेटाच्या किमतीचे नव्हते.

उंचीचा त्रास हा निराळा विषय आहे, तो थोडक्यात सांगतो. साधारण अडीच हजार मीटरच्या वर डोकेदुखी, मळमळ, भूक मरणे, झोप न लागणे ही लक्षणे दिसू लागतात, आणि तीन हजार मीटरच्या पुढे रोजच्या मुक्कामाची उंची पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असे डॉक्टर सांगतात. सुट्ट्या मोजून आखलेल्या कार्यक्रमात ही मर्यादा सहज ओलांडली जाते. केदारकांठ्याच्या माथ्यावर प्राणवायूही समुद्रसपाटीच्या मानाने जवळपास दोन तृतीयांशच मिळतो. त्यात आपली एक खोड भर घालते. रात्री उणे तापमानात लघवीला बाहेर जावे लागू नये म्हणून लोक संध्याकाळपासून पाणी पिणे बंद करतात. दुष्काळी भागातल्या आम्हा लोकांना कमी पाण्यात भागवण्याचा अभिमान असतो, पण तो तेथे उपयोगाचा नाही. कोरड्या, थंड हवेत श्वासावाटेच पुष्कळ पाणी जाते. पाण्याची बाटली उशाशी उलटी ठेवावी, कारण बर्फ वरून धरतो आणि तोंड मोकळे राहते, ही युक्तीही आम्हाला त्या वाटाड्यानेच दाखवली. काळा चष्मा हीदेखील तेथे चैनीची वस्तू राहत नाही. ताज्या बर्फावरून अतिनील किरणांचा बहुतेक भाग परत फिरतो आणि उघड्या डोळ्यांना काही तासांनी वाळू गेल्यासारखे खुपू लागते.

महोदय, मला मुख्यतः ज्याविषयी लिहायचे आहे ते म्हणजे परत फिरणे. आम्ही खाली उतरायला लागलो तेव्हा गटातल्या दोघांनी आरडाओरडा केला. माणशी इतके हजार भरले आहेत, सचखंड एक्स्प्रेसने दीड दिवस बसून आलो आहोत, रजा पुन्हा मिळणार नाही, एकासाठी सगळ्यांनी का उतरायचे. त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. गटाबरोबर वाटाड्या एकच होता, तो खाली उतरला म्हणून सगळ्यांना उतरावे लागले आणि सोळा नवख्यांमागे एक वाटाड्या हा काटकसरीचा हिशोब आयोजकाचा होता. ते दोघे देहरादूनपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. मला तेव्हा जाणवले की परत कधी फिरायचे, कोणी सांगायचे, एक जण उतरला तर बाकीच्यांचे काय करायचे, हे आम्ही गाव सोडण्यापूर्वी ठरवलेच नव्हते. साडेबारा हजार फुटांवर, पहाटे, वाऱ्यात, अर्धवट झोपेत असे निर्णय नीट होत नसतात. लग्नातला देण्याघेण्याचा हिशोब आपण मांडव पडण्यापूर्वी करतो, तसाच हाही आधी व्हायला हवा.

परत फिरणे म्हणजे नामुष्की, हा समज तर काढूनच टाकायला हवा, आणि त्यासाठी आपल्याला फार लांब जावे लागत नाही. छत्रपती संभाजीनगरच्या मनीषा वाघमारे २०१७ मध्ये एव्हरेस्टच्या शिखराच्या अगदी जवळ पोहोचल्या होत्या आणि खराब हवामानामुळे तेथून मागे फिरल्या. वर्षभराची तयारी, लाखोंचा खर्च आणि सगळ्या मराठवाड्याची नजर असताना त्या फिरल्या, म्हणून २०१८ मध्ये पुन्हा जाऊन शिखरावर उभ्या राहू शकल्या. आपण त्यांचे सत्कार केले ते २०१८ मध्ये. माझ्या मते पहिला सत्कार २०१७ मध्येच व्हायला हवा होता. त्या तोडीच्या गिर्यारोहक जे करतात ते वर्षअखेरच्या सहलीला आलेल्या आम्ही लोकांनी करू नये, याला काय म्हणावे?

हिवाळा कॅलेंडर पाहून येत नाही, हेही ध्यानात ठेवावे. ४ जून २०२४ च्या सुमारास उत्तराखंडातील सहस्रताल या उंचावरच्या सरोवरांकडे गेलेला कर्नाटकातील ट्रेकर्सचा गट अचानक आलेल्या हिमवादळात सापडला आणि त्यांतील नऊ जण दगावले. ऐन जूनमध्ये आपल्याकडे लोक मृगाच्या पेरणीची तयारी करीत असताना ही घटना घडली. त्या गटात केवळ नवखे नव्हते, चालण्याची सवय असलेली, वयाने मोठी माणसेही होती. ऑक्टोबर २०२२ मध्ये द्रौपदी का डांडा या शिखरावर हिमकडा कोसळून उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेच्या गटातील प्रशिक्षणार्थी आणि प्रशिक्षक गाडले गेले, ती संस्था तर १९६५ पासून हेच शिकवते. ही उदाहरणे मी कोणाला भिववण्यासाठी देत नाही. तयारी असलेल्यांवरही डोंगर असा उलटू शकतो, मग जाहिरातीत ‘पूर्वानुभवाची गरज नाही’ असे छापणाऱ्याला नेमकी कशाची खात्री असते, एवढेच मला विचारायचे आहे.

वैद्यकीय प्रमाणपत्राचीही एक गंमत सांगतो. आयोजकाने छापील नमुना दिला होता, त्यावर ‘अतिउंचीवरील चढाईस पात्र’ असे आधीच टंकलेले होते. गावातल्या एका डॉक्टरांनी माझी नाडीही न पाहता त्यावर सही केली, वर शुभेच्छा दिल्या आणि शुल्क घेतले नाही. मी एकसष्ट वर्षांचा, रक्तदाबाची रोज एक गोळी घेणारा माणूस आहे. चूक अर्थात माझीही आहे, कारण मीही विचारले नाही.

राज्य शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण आणले आणि आयोजकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी, सुरक्षेचे निकष पाळावेत अशी व्यवस्था केली. तिचा मूळ रोख राज्यातल्या उपक्रमांवर आहे. आमच्या गावातून हजाराहून अधिक किलोमीटर दूर माणसे नेणारा आयोजक मात्र बहुधा मोबाइलवरचा एक गट, एक पैसे भरण्याचा क्रमांक आणि तिकडच्या कोणा कंत्राटदाराशी केलेला तोंडी व्यवहार इतक्याच भांडवलावर उभा असतो. त्याने आपल्या पत्रकात चार गोष्टी तरी लिहाव्यात, असे बंधन जिल्हा पातळीवर घालता येईल. किती माणसांमागे किती वाटाडे, परत फिरण्याची वेळ कोणती, तो निर्णय कोणाचा, आणि शिखर न होता परतल्यास पैशांचे काय. शेवटच्या मुद्द्याला मी सर्वांत जास्त महत्त्व देतो. ‘हवामानामुळे किंवा एखाद्याच्या प्रकृतीमुळे शिखराआधी परतावे लागल्यास ट्रेक पूर्ण झाला असे समजले जाईल’ हे वाक्य पैसे भरण्यापूर्वी वाचलेला माणूस पहाटे पाच वाजता भांडत नाही. आणि ‘सोपा’ लिहायचेच असेल तर कोणत्या महिन्यात सोपा, तेही लिहावे. आपल्यासारख्या दैनिकांनी अशा जाहिराती स्वीकारताना इतके विचारले तरी बराच फरक पडेल.

महाविद्यालयांच्या सहलींबाबत तर हे अधिक काटेकोरपणे व्हावे, कारण तेथे मुले शिक्षकांच्या भरवशावर येतात आणि शिक्षक आयोजकाच्या.

तयारी मात्र येथेच करता येते. बर्फ आपल्याकडे नाही, पण चढ आहे, पहाटेचा गारठा आहे आणि वेळ आहे. बालाघाटाची धार आमच्या दारात आहे. धारूरच्या घाटात किंवा किल्ल्यावर पहाटे चारला आठ-दहा किलोची सॅक घेऊन चढावे, अंगात तेच कपडे घालावेत जे हिमालयात घालणार आहोत, आणि वर पोहोचल्यावर मुद्दाम अर्धा तास वाऱ्यात थांबावे. घाम कुठे जातो ते त्या अर्ध्या तासात कळते. संभाजीनगरकडच्यांना देवगिरीच्या पायऱ्या आहेत, कन्नडकडच्यांना अंतूरचा किल्ला आहे. उतरताना गुडघे काय म्हणतात, नवा बूट कुठे लागतो, हेडटॉर्चच्या उजेडात पाऊल कसे टाकायचे, हे सगळे घराजवळ, गाडीभाड्याच्या खर्चात शिकता येते. दोन महिन्यांत असे सहा-सात रविवार काढता आले नाहीत, तर त्या वर्षी हिमालय राहू द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

तो मुलगा आता बरा आहे. गेल्या वेळा अमावास्येला त्याच्या शेतावर आंबील-भज्जीला त्याने आम्हा सगळ्यांना बोलावले होते. न बोलणारे ते दोघेही आले होते. माझा स्वेटर त्याने धुऊन, घडी घालून परत दिला आणि यंदा पुन्हा जायचे म्हणाला. त्याप्रमाणे आम्ही अकरा जण या डिसेंबरात जात आहोत. वाटाडे तीन ठरवले आहेत आणि त्यांतला एक तोच आहे. सुती कापड अंगालगत कोणाच्याही नको, हे एकमेकांच्या सॅक उघडून पाहायचे ठरले आहे. सकाळी साडेआठ वाजता जो जेथे असेल तेथून तो मागे फिरेल, आणि त्याआधी वाटाड्याने सांगितले तर त्याआधी. हे एका कागदावर लिहून अकराही जणांनी त्याखाली सह्या केल्या आहेत. कागद माझ्याकडे आहे. इतर गटांना उपयोग होणार असेल तर त्याची प्रत पाठवण्यास मी तयार आहे.

कळावे,

आपला विश्वासू,
एक निवृत्त भूगोल शिक्षक,
अंबाजोगाई, जि. बीड